उसवणारा हात

१

सुईदोरा ग्रुपवरच्या दोनशे नऊ पोस्टी दहा दिवसांत नाहीशा झाल्या, आणि अकरा हजार सदस्यांपैकी एकालाही त्याचा सुगावा लागला नाही. लागला तो एका लेकीला, सोमवारी दुपारी चार वाजता. तिने पहिला फोन वेलांटीमामांना केला.

मामा तेव्हा खिडकीपाशी आरामखुर्चीत पडले होते. धड झोप नव्हती, धड जाग नव्हती. अशा वेळी उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकताना दिसतो आणि आपण कोणत्या वर्षात आहोत ते क्षणभर आठवत नाही. मामांना ती वेळ फार आवडायची. फोन वाजला तो त्यांना आधी स्वप्नातच वाजल्यासारखा वाटला.

“मामा, आईचं सगळं गेलं हो,” पलीकडून रडवेला आवाज आला.

सवयीने मामांनी मनातल्या मनात वाक्य तपासलं. ‘गेलं’ म्हणाली, ‘आई गेली’ नाही. म्हणजे माणूस शाबूत आहे.

एकतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. कुणाची वेलांटी चुकली की त्यांना अंगावर मुंगी चालल्यासारखं व्हायचं, त्यावरून हे नाव पडलं. बायको गेल्यावर तिचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं म्हणून ते सुईदोरावर आले. मशीन दोन दिवसांत सुरू झालं. लोकांचं शुद्धलेखन मात्र नऊ वर्षांत ताळ्यावर येईना, म्हणून मामा तिथेच राहिले.

“काय गेलं? नीट सांग.”

“चिंध्यांमधलं. आईने लिहिलेलं सगळं. एकेक पोस्ट काढलीय कुणीतरी. फक्त आईच्याच, मामा. बाकी कुणाला हात लावलेला नाही. आईचं कुणी काय वाईट केलं होतं?”

त्या बाईंनी आयुष्यात कुणाचं वाईट केल्याचं मामांना ठाऊक नव्हतं.

२

बाई म्हणजे शिवणाच्या क्लासच्या बाई. दहा वर्षांपूर्वी आपल्या सात विद्यार्थिनींना घेऊन त्यांनी हा ग्रुप काढला आणि एकच नियम केला: इथे फक्त मशीनबद्दल बोलायचं. आठ जणींत तो नियम पाळणं सोपं होतं. कुणी भलतीकडे वळलं की बाई तिला हळूच लिहायच्या, की बरं का, विषय सुटला. एकदा, मग आणखी एकदा. तरी नाही ऐकलं तरच ती पोस्ट काढायच्या.

आठशे झाले तेव्हा सकाळी सकाळी फुलांची चित्रं येऊ लागली. तीन हजार झाले तेव्हा गुडघेदुखीची तेलं आली, जावांची भांडणं आली, कुणाचं हरवलेलं मांजरही आलं. बॉबिनमध्ये दोरा का गुंततो असं विचारणाऱ्याला साठ उत्तरं यायची आणि त्यातली अठ्ठावन्न भलत्याच कशाबद्दल असायची. तेव्हा बाईंनी तोडगा काढला. ग्रुपला आतून आणखी एक खोली केली आणि तिला ‘चिंध्या’ नाव दिलं. म्हणाल्या, “शिवताना चिंध्या पडणारच. पण त्या पायात येऊ नयेत. पिशवीत टाकाव्यात.”

गंमत अशी, की त्या पिशवीत सगळ्यात जास्त चिंध्या टाकल्या त्या खुद्द बाईंनी. नियम करणारीला बोलायचं किती होतं, ते तेव्हा कळलं. कामं आटोपली की त्या तिथे लिहीत बसायच्या. बहुतेक सगळं लेकीबद्दलच असायचं.

आता वर्षभर बाईंना ती लेक ओळखू येत नव्हती. ती शाळेत गणित शिकवायची. दुपारी घरी आली की आईचा टॅब उघडायची, चिंध्यांमधली एखादी पोस्ट लावायची आणि आईला वाचून दाखवायची. चारच्या सुमाराची ती अर्धी घटका बाई कान देऊन ऐकायच्या. एखाद्या वेळी म्हणायच्या, “हो, असंच झालं होतं.” दिवसभरात त्यांना आपलं काही आठवायचं ते तेवढंच. मधे दहा दिवस लेकीला परीक्षेच्या पेपरांनी मान वर करू दिली नाही, वाचन बंद पडलं, आणि तेवढ्यात हे झालं.

“दुसरी प्रत ठेवली नाहीस?”

“कुठे जाणार होतं ते, मामा? मला काय माहीत...”

मामांनी फोनवर बाईंच्या पोस्टींचा धागा उघडला. पोस्टच्या जागी करड्या रंगाची एकेक ओळ उरली होती. तारीख, वेळ आणि कारण. कुणी काढलं त्याचं नाव नव्हतं. सदस्य नावं धरून भांडायला उठतात म्हणून ती दाखवायची नाहीत, असं दोन वर्षांपूर्वी मामांनीच सुचवलं होतं. आता ते शहाणपण त्यांच्याच अंगाशी आलं.

कारणाच्या जागी दोनशे नऊ वेळा एकच शब्द होता: ‘उसवलं.’

मामा खुर्चीत ताठ बसले. हा शब्द त्यांनी ग्रुपवर कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

३

पोस्ट काढायचा अधिकार ज्यांच्याकडे असतो त्यांना सुईदोरावर कात्रीवाले म्हणतात. कात्र्या चार. एक मामांची स्वतःची. दुसरी एका शिंप्याची, तिसरी एका औषधवालीची. चौथी बाईंची, पण ती कुणी मोजतच नसे. आता पोस्ट ‘काढतात’ किंवा ‘कापतात’. ‘उसवणं’ हा पहिल्या वर्षातला शब्द. बाईच म्हणायच्या, कापड कापू नये, उसवावं, म्हणजे सुईला पुन्हा जागा राहते.

पहिल्या वर्षातला माणूस म्हणजे शिंपी. त्याच्या दुकानात तीन मशीनं एकदम चालत होती आणि उन्हात बारीक तंतू तरंगत होते. मामांना तिथे उभ्या उभ्या पेंग आली.

“बाईंच्या गप्पांनी मला वैताग यायचा,” शिंपी पायडल न थांबवता म्हणाला. “खोटं कशाला बोलू? मशीनचा ग्रुप आहे, गोष्टींचा नाही. पण मामा, काज करायला मला त्या माउलीने शिकवलं. तिचं लिहिणं मी कापीन?”

“कापलं नाही. उसवलंय.”

“मग तर मी नव्हेच. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना उसवत बसायला वेळ कुणाला आहे?”

मामांनी त्याच्यापुढे खडू धरला आणि ‘उसवलं’ लिहून दाखव म्हणाले. त्याने काळ्या कापडावर ऐटीत ‘ऊसवल’ असं लिहिलं. मामांच्या अंगावर मुंगी चालली. पहिला ऊ दीर्घ, वर अनुस्वार नाही, शेवटी पूर्णविराम नाही. आणि त्या दोनशे नऊ ओळींत प्रत्येक उ ऱ्हस्व होता, प्रत्येक ल वर टिंब होतं आणि प्रत्येक शब्दापुढे पूर्णविराम होता. शिंप्याला हे साता जन्मांत जमलं नसतं.

औषधवाली काउंटरमागे गोळ्यांच्या पट्ट्या मोजत होती. चिंध्या बंद करा असं तिने महिन्यापूर्वीच उघड लिहिलं होतं.

“माझ्यावरच संशय येणार, मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मामा, अकरा हजार माणसं आहेत. रोज चाळीस पोस्टी कापते. प्रत्येकाला दोन-दोनदा समजावत बसले तर इथे औषध कोण देईल? तो जुना नियम मी कधीच सोडला. यादीतला शब्द दिसला की कापते, आणि कारणही यादीतूनच निवडते. हाताने काही लिहीत नाही, वाचत तर त्याहून नाही.”

“मग हे कोणी केलं असेल?”

तिने फोन जवळ ओढून धागा वरपासून खालपर्यंत पाहिला. “एक सांगू? या माणसाने वाचलंय. दोनशे बारांमधल्या तीन ठेवल्यात. बघा, कोणत्या ठेवल्यात.”

मामांनी पाहिलं. एकीत लेकीच्या झग्याबद्दल लिहिता लिहिता बाईंनी सांगितलं होतं, की खालच्या दोऱ्याचा ताण सैल झाला तर बॉबिन केसचा स्क्रू पाव फेरा आवळावा. दुसरीत तेल कुठे घालायचं ते होतं. तिसरीत सुई कधी बदलायची ते.

“मशीनचं होतं तेवढं ठेवलं,” औषधवाली म्हणाली. “आकस असता तर सरसकट कापलं असतं. असा एखादा माणूस मला मदतीला द्या हो.”

मामा हसले नाहीत. त्यांच्या मनात दुसरंच आलं होतं. ऱ्हस्व उ, टिंब आणि पूर्णविराम न चुकता देणारे सदस्य त्यांनी नऊ वर्षांत बोटांवर मोजले होते. त्यांच्यापैकी कात्रीपर्यंत हात पोचेल अशी एकच व्यक्ती होती. आईचा टॅब रोज जिच्या हातात असायचा ती.

४

ती रडत फोन करते आणि आपण तिच्यावर संशय घेतो, या विचाराने मामांना स्वतःची लाज वाटली. पण वर्षभर रोज तेच वाचून दाखवायचं, आणि ऐकणारीने आपल्याला परकं म्हणून बघायचं. माणूस कधी थकतं, आणि थकल्यावर काय करतं, ते कोण सांगणार?

बुधवारी दुपारी ते पुन्हा खुर्चीत पडले आणि करड्या ओळी वाचू लागले. वाचता वाचता डोळे मिटले तरी ओळी दिसतच राहिल्या. वेळा बघून ते चमकले. दोन वाजून दहा. अडीच. तीन वीस. रोज दोन ते साडेतीन, आणि रविवारी काहीच नाही. लेक तर त्या वेळी शाळेत असते. वर्गात फळ्यापुढे उभं राहून कुणी टॅबवर पोस्टी उसवत नाही, आणि टॅब तर घरीच असतो. सुटकेचा एवढा मोठा निःश्वास त्यांनी बऱ्याच दिवसांत टाकला नव्हता.

मग कोण? अर्धवट झोपेत एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आपोआप जागेवर बसली. जाग्या माणसाला ती सुचली नसती, कारण जागा माणूस आजचा वार धरून विचार करतो.

हा माणूस ‘उसवलं’ म्हणतो, जसं पहिल्या वर्षी म्हणायचे. शेवटच्या पोस्टपासून मागे मागे येतो, जशी शिवण उसवतात. वाचतो, पारखतो आणि मशीनचं असेल ते ठेवतो. आणि विषय सोडून बोललं म्हणून चिंध्यांमधली पोस्ट काढतो! चिंध्यांमध्ये विषय सोडूनच बोलायचं असतं, हे ग्रुपवरचं शेंबडं पोरही सांगेल. ते ज्याला माहीत नाही, त्याच्या लेखी चिंध्या नावाची खोली अजून झालेलीच नाही. त्याच्या ग्रुपमध्ये आठच जणी आहेत आणि नियम एकच आहे.

गुन्हेगार दहा वर्षांपूर्वीच्या ग्रुपमध्ये राहत होता.

मामा चपला घालून निघाले. बाईंच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. सोबतीला बसणारी शेजारीण जेवणानंतर कोचावर आडवी झाली होती आणि मजेत घोरत होती. घड्याळात पावणेतीन झाले होते. आतल्या खोलीत पडद्यातून पिवळसर उजेड येत होता. टेबलाशी बाई चष्मा लावून बसल्या होत्या. टॅब समोर होता, आणि त्यांचं बोट हळूहळू एकेका ओळीखालून सरकत होतं.

“या,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “तुम्ही नवीन सदस्य का?”

५

लेक साडेतीनला आली तेव्हा मामा आईशेजारी स्टुलावर बसलेले तिला दिसले. मामांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

“आईने? मामा, तिला चहाचा कप कुठे ठेवला ते आठवत नाही.”

“सुईत दोरा ओवता येतो?”

“तो येतो. न बघता ओवते.”

“तसंच हे. बोटांना ठाऊक आहे. पण माझं खरं की खोटं ते एका जागी कळेल. जुन्या नियमाने उसवण्याआधी लिहिणाऱ्याला दोनदा कळवायचं असतं. बाईंनी ते केल्याशिवाय हात लावला नसेल. आईच्या खासगी निरोपांच्या पेटीत बघ.”

लेकीने पेटी उघडली. बाईंच्या खात्यावरून बाईंच्याच खात्यावर पाठवलेली ती पत्रं होती. पहिलं असं:

‘सप्रेम नमस्कार. आपण फार छान लिहिता. पण इथे फक्त मशीनबद्दल बोलायचं ठरलं आहे. एकीला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. राग मानू नये.’

दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, जरा आर्जवाने. आणि त्याखाली वीस मिनिटांनी आलेलं उत्तर:

‘नमस्कार. राग कसला? चूक माझीच. मुलीचा विषय निघाला की मला भान राहत नाही. आपण खुशाल उसवून टाका.’

उ ऱ्हस्व, वेलांट्या जागच्या जागी. मामांना एकही चूक सापडली नाही, आणि त्यांना वाटलं की एखादी सापडायला हवी होती.

लेकीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. “माझ्याच आईने माझ्या आईला गप्प बसवलं हो,” ती म्हणाली. “आता मी तिला काय वाचून दाखवू? तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.”

मामांना खूप वाईट वाटलं. चोर सापडला की मुद्देमाल सापडतो, अशी त्यांची बापडी समजूत होती. इथे चोर समोर बसला होता आणि माल कुठेच नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून ते बाईंकडे वळले.

“बाई, ग्रुपवर एक बाई लिहायच्या. त्यांच्या पोस्टी तुम्ही काढल्यात ना?”

बाईंचा चेहरा पडला. “काढाव्या लागल्या. हात चालेना माझा. चांगली होती हो बिचारी. उलट बोलली नाही एका शब्दाने. पण विषय सोडायची.”

“काय लिहायच्या त्या?”

“मुलीचं. सारखं मुलीचं.” बाईंनी खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला तसा उजेड त्यांच्या हातांवरून सरकला. “मुलगी दुपारची मशीनच्या टेबलाखाली झोपायची. आवाज थांबला की उठायची. मग ही बाई दोरा काढून ठेवायची आणि नुसतं पायडल मारत बसायची. मशीन रिकामं चालवू नये, हे तिला कळत होतं बरं का. तरी चालवायची.”

लेक हळूच खाली, आईच्या पायाशी बसली. ही पोस्ट तिला पाठ होती. एकशे सातवी. दर वेळी ती वाचायची आणि आई ऐकायची. आज पहिल्यांदा उलटं होत होतं.

“आणखी सांगा ना,” ती म्हणाली.

“तुम्हाला ऐकायचंय? अहो, विषय सोडून होईल.”

“होऊ दे.”

बाईंनी जरा आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून त्या बोलू लागल्या. “मुलगी अकरा वर्षांची असताना तिने शाळेसाठी झगा शिवला. एकटीने. टाके सगळे वाकडे, आणि बाह्या अशा जोडलेल्या की हात वर केला तर निघून हातात याव्यात. मुलगी झोपल्यावर या बाईने अख्खा झगा उसवला आणि पुन्हा शिवला. पक्का. पण टाके होते तसेच वाकडे घातले. एकेक टाका बघून बघून वाकडा घातला. सरळ शिवणं सोपं असतं, वाकडं शिवायला डोळे फुटतात. सकाळी मुलीला काही कळलं नाही. पहिलं बक्षीस मिळालं तिला.”

लेकीने मामांकडे पाहिलं.

“हे त्यात नव्हतं,” ती कुजबुजली. “मामा, हे तिने कधीच लिहिलं नव्हतं. मला आजपर्यंत वाटत होतं, की तो झगा मी...”

“लिहील कशी?” बाई म्हणाल्या. त्यांचे कान अजून तिखट होते. “मुलीने वाचलं असतं ना.”

बाहेरच्या खोलीतलं घोरणं थांबलं होतं. मामांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. बाई बोलतील ते आता उतरून घ्यायचं आणि वेलांट्या मागाहून बघायच्या, असं त्यांनी ठरवलं.

“त्या बाईंचा,” लेकीने विचारलं. “त्यांचा फार जीव होता का मुलीवर?”

बाईंनी चष्मा काढला. पायाशी बसलेल्या बाईकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आलेली बट बोटाने मागे सारली.

“अगं वेडे,” त्या म्हणाल्या, “एवढी शिस्तीची बाई. दोनशे वेळा विषय सोडला तिने. उगीच का?”